तळटीप : ‘कुस्तीचे सिनेमे’

लेखकाने बनारसच्या संदर्भात म्हटलेले ‘कुस्तीचे सिनेमे’ म्हणजे दारासिंगचे कमी खर्चातले स्टंटपट : ‘किंग काँग’ (१९६२), ‘फौलाद’ (१९६३). पुढे हॉलिवूड अभिनेता व्हॅन डॅमचा ‘ब्लडस्पोर्ट’ (१९८८) त्याच वळणाचा : आव्हान, गुरू, खडतर तालीम, शेवटी मैदान. हे कथानक बनारसच्या मराठी मंडळींना घरचेच होते. परंपरा सांगते, निजामाच्या मुलखातले अली व गुलाब हे मल्ल पेशवे दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आव्हान घेऊन आले, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटदादा देवधरांनी विडा उचलला. सप्तशृंगीवर उपासना केली, साक्षात मारुतीने खांबावर पेच दाखवले, आणि अली चीत झाला. याच देवधरांनी मल्लखांबाला नवसंजीवनी दिली. त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी बनारसला आखाडा काढला. नागपंचमीला बनारसमध्ये आजही आखाड्यांची माती सजते, कुस्त्या लागतात, जोडी-गदा फिरतात. ज्याने मातीत पाठ टेकवून घेतली आहे, त्याला पडद्यावरचा डाव कळायला संवाद लागत नाहीत. या चित्रपटांना केवळ ‘स्वस्त’ म्हणून बाजूला सारणे आम्हाला मान्य नाही : पुठ्ठ्याच्या किल्ल्यासमोर दारासिंग प्रतिस्पर्ध्याला उचलतो, तेव्हा ते वजन खरे असते.
— संपादक