करसल्लागारांसाठी एआय: सर्वसाधारण की खास साधन?

भोपाळच्या आपल्या मराठी मंडळींत सीए आणि करसल्लागारही आहेत. त्यांच्यासाठी आम्ही हे टिपण देत आहोत.

अशिलाला हिंदीत पत्र लिहायचे, लांबलचक नोटिशीचा सारांश काढायचा, तर चॅटजीपीटी किंवा जेमिनी पुरेसे आहे. निवाड्यांचे दाखले मात्र अशी साधने कधीकधी चक्क रचून देतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स प्रकरणातील करनिर्धारण आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने आधार घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या काळात यंत्राने दिलेल्या उत्तरावर आंधळेपणाने विसंबू नये, असे न्यायालयाने बजावले.

खास करविषयक साधने कायदा, परिपत्रके आणि निवाड्यांच्या संग्रहातून उत्तर शोधतात. तरी पैसे भरण्यापूर्वी एवढे पाहावे:

१. मूळ निवाडा उघडून वाचता येतो का?
२. १ एप्रिल २०२६ पासूनचा आयकर कायदा, २०२५ त्यात आहे का? जुने कलम ८०सी आता १२३ झाले. मागील वर्षांच्या प्रकरणांना मात्र १९६१ चाच कायदा लागतो.
३. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे निवाडे सापडतात का? मुंबईचा निवाडा आपल्याकडे मार्गदर्शक ठरतो, बंधनकारक नव्हे.
४. अशिलाची माहिती कुठे साठते?

पॅन, नाव, बँक खाते कोणत्याही सर्वसाधारण साधनात टाकू नये. साधन कोणतेही असो, सही आपली असते. म्हणून दाखला स्वतः वाचल्याशिवाय उत्तर पाठवू नये.