व्यायामातील ऊर्जाव्यय व प्रथिनाहार

व्यायामात शरीराची किती ऊर्जा खर्च होते हे मोजणे आणि त्यानुसार आहाराची, विशेषतः प्रथिनांची, मात्रा व वेळ ठरविणे, हा शरीरक्रियाविज्ञान व आहारशास्त्र यांतील एक महत्त्वाचा विषय आहे. त्याला शास्त्रीय रूप अठराव्या शतकाच्या अखेरीपासून येत गेले. तथापि मेहनत आणि खुराक यांचा मेळ घालण्याची रीत महाराष्ट्रातील तालमींत त्याआधीपासून रूढ होती.

तालमीची परंपरा : सुश्रुतसंहितेत व्यायाम आपल्या बलाच्या निम्म्या मर्यादेपर्यंतच करावा, असे सांगितले आहे. ती मर्यादा श्वास व घाम यांसारख्या लक्षणांवरून ओळखावयाची असे. ऊर्जाव्ययाचे हे मापन आकड्यांशिवाय केलेले असले, तरी मापनच होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या राज्यात आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग मोडत असे. त्याच्या मानसोल्लास ग्रंथातील मल्लविनोद या प्रकरणात मल्लांचे वर्गीकरण, त्यांचे शिक्षण आणि त्यांना राजाकडून मिळावयाचा आहार यांचे वर्णन आढळते. या आहारात कडधान्ये, मांस व दूध यांचा समावेश होता. म्हणजेच आज ज्यांना प्रथिनयुक्त पदार्थ म्हटले जाते त्यांचे महत्त्व अनुभवाने कळलेले होते.

आधुनिक काळात कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती (कार. १८९४–१९२२) यांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला. तेथील खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. तालमीत जोर, बैठका व लढती झाल्यावर दूध, तूप आणि बदाम-खसखशीची थंडाई घेण्याचा परिपाठ होता. बडोदे येथून १९३६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या व्यायाम ज्ञानकोशात देशी व्यायामपद्धतींची माहिती एकत्रित करण्यात आली. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले. अशा रीतीने राजाश्रय संपल्यावर मल्लाच्या खुराकाचा भार मुख्यतः त्याच्या कुटुंबावर पडला. खुराकात आवश्यक काय आणि केवळ रूढीने आलेले काय, हा प्रश्न त्यामुळे शास्त्रापुरता न राहता घरखर्चाचाही झाला.

ऊर्जामापनाचा विकास : आंत्वान लव्हॉयझ्ये व आर्मां सेगँ यांनी १७९० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत श्रम करताना ऑक्सिजनाचा वापर वाढतो, असे दिसून आले. पुढे यूस्टुस फोन लीबिक यांनी १८४२ मध्ये स्नायूंच्या कार्यात प्रथिनेच खर्ची पडतात, असे मत मांडले. आडोल्फ फिक व योहानेस व्हिस्लिसेनस यांनी १८६५ मध्ये त्याची परीक्षा घेतली. प्रथिनरहित आहार घेऊन ते स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न या पर्वतावर सु. १,९५६ मी. चढले आणि मूत्रातील नायट्रोजनावरून खर्च झालेल्या प्रथिनांचा हिशेब त्यांनी केला. एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८६६ मध्ये काढलेल्या पदार्थांच्या उष्णतामूल्यांशी तो ताडून पाहता, चढण्याचे कार्य एवढ्या प्रथिनांच्या बळावर होणे शक्य नव्हते, असे ठरले. स्नायूंचे मुख्य इंधन कर्बोदके व वसा हे असून प्रथिनांचे मुख्य काम स्नायूंची घडण व डागडुजी हे आहे, हा भेद यातून स्पष्ट होत गेला.

विल्बर ऑलिन ॲटवॉटर यांच्या संशोधनातून प्रथिने व कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅममागे सु. ४ आणि वसेमागे सु. ९ किकॅ. हे आजही प्रचलित असलेले गुणांक मिळाले. श्रम करणाऱ्या माणसाने वापरलेल्या ऑक्सिजनाच्या दर लिटरमागे सु. ५ किकॅ. ऊर्जा खर्च होते. मनगटावरील घड्याळवजा उपकरणे मात्र ऑक्सिजन मोजत नाहीत. नाडीचे ठोके व हालचाल यांवरून ती अंदाज बांधतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये अशा सात उपकरणांची तपासणी झाली. तीत सहा उपकरणांची नाडीमापनातील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. ऊर्जाव्ययाच्या आकड्यांत मात्र सर्वांत अचूक उपकरणाचीही सरासरी चूक सु. २७ टक्के निघाली.

प्रथिनांची वेळ : व्यायामानंतर अल्पावधीत प्रथिने घेतली नाहीत तर श्रम वाया जातात, ही समजूत एकविसाव्या शतकाच्या आरंभी पसरली. ब्रॅड शोनफेल्ड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात वेळेपेक्षा दिवसभरातील प्रथिनांची एकूण मात्रा अधिक निर्णायक असल्याचे आढळले. सायंकाळच्या व्यायामाबाबत नेदर्लंड्समधील २०१२ चा प्रयोग उल्लेखनीय आहे. झोपण्यापूर्वी ४० ग्रॅ. केसीन (दुधातील प्रमुख प्रथिन) दिल्यावर रात्रभरातील स्नायुप्रथिनांची निर्मिती सु. २२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. रात्री दूध पिण्याची जुनी सवय या निष्कर्षाशी विसंगत नाही. मात्र एवढे केसीन सु. एक लिटर म्हशीच्या दुधात असते.

ग्रामीण आहारातील उपयोजन : भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किग्रॅ. वजनाच्या पुरुषास रोज ५४ ग्रॅ. प्रथिने पुरेशी होत. मध्यम श्रमासाठी त्यास सु. २,७१० व जड श्रमासाठी सु. ३,४७० किकॅ. ऊर्जा लागते. स्नायुवर्धनाचा व्यायाम करणाऱ्यास प्रतिकिग्रॅ. १.६ ग्रॅ. पर्यंत, म्हणजे सु. १०४ ग्रॅ. प्रथिनांचा लाभ होतो. त्यापलीकडे फायदा फारसा वाढत नाही.

परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावी ज्वारी व तूर ही परिचयाची पिके होत. तेथील तरुणाच्या रोजच्या आहारात ३०० ग्रॅ. ज्वारी, १०० ग्रॅ. तूरडाळ, ५० ग्रॅ. शेंगदाणे व अर्धा लिटर म्हशीचे दूध असल्यास सु. ८० ग्रॅ. प्रथिने मिळतात; चार अंडी घेतल्यास ही मात्रा शंभरापलीकडे जाते. ज्वारीत लायसीन या आवश्यक ॲमिनो अम्लाची उणीव असते. ती डाळीने भरून निघते. दिवसभर शेतात राबून सायंकाळी तालमीत जाणाऱ्याच्या बाबतीत तासाभराच्या व्यायामाचा आकडा हा एकूण ऊर्जाव्ययाचा लहान भाग असतो. त्याची पहिली गरज पोटभर अन्नाची असते. ऊर्जा अपुरी पडल्यास शरीर प्रथिनेच इंधन म्हणून वापरू लागते आणि महागड्या प्रथिनचूर्णाचाही हेतू साधत नाही. चूर्णाने पचनसुलभ प्रथिने मिळतात, हे खरे. परंतु भाकरी, वरण व दूध यांत काटकसर करून ते विकत घेणे हा शास्त्राच्या व व्यवहाराच्या दृष्टीने तोट्याचा सौदा होय.