घरचें विज्ञान आणि ऑनलाइन वर्ग

आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं ज्ञानाचीं चार प्रमाणें मानलीं. इतिहासाचा विद्यार्थी बव्हंशीं शब्दावर निर्वाह करूं शकतो. पानिपतची लढाई पुन्हां घडवून दाखवा, असा हट्ट त्याच्यापाशीं कोणी धरीत नाहीं. विज्ञानाची गोष्ट निराळी आहे. चुनकळी पाण्यांत विरतांना भांडें कसें तापतें, हें ज्यानें हात लावून पाहिलें नाहीं, त्याला त्या क्रियेचें समीकरण मुखोद्गत असलें तरी त्याचें ज्ञान ऐकीवच समजावें. हा भेद जुनाच आहे. परंतु शाळा सोडून मुलांना घरींच शिकविणाऱ्या अमेरिकेंतील आईबापांपुढें तो आज रोजच्या व्यवहाराचा प्रश्न होऊन बसला आहे. मुलें चौदा-पंधरा वर्षांचीं झालीं, म्हणजे त्यांना पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र कोणी शिकवावें? याचें उत्तर बहुधा ‘ऑनलाइन वर्ग’ असें मिळतें. पण अशा वर्गांचा बाजारच भरलेला आहे. त्यांतून निवड कोणत्या कसोटीनें करावयाची? ही कसोटी जाहिरातींत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधणें अधिक फलदायी होईल, असें मला वाटतें.

मायकेल फॅरडेचें उदाहरण सर्वश्रुत आहे. मात्र त्याचा बोध बहुधा अर्धाच घेतला जातो. लोहाराचा हा मुलगा लंडनमध्यें रीबो नांवाच्या पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे १८०५ सालीं उमेदवारीस राहिला आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून थोर शास्त्रज्ञ झाला, असें आपण मुलांस सांगतों. केवळ वाचनानें तो शास्त्रज्ञ झाला नाहीं. जेन मार्सेट या विदुषीनें रसायनशास्त्रावर संवादरूपानें लिहिलेलें पुस्तक हातीं आलें, तेव्हां त्यांतील विधानें तो आपल्या ऐपतीप्रमाणें लहानसहान प्रयोग करून ताडून पाहूं लागला. १८१० पासून टेटम नांवाच्या गृहस्थाच्या व्याख्यानांस तो जाऊं लागला. त्यासाठीं दर खेपेस लागणारा एक शिलिंग त्याच्या वडील भावानें पुरविला. १८१२ सालीं त्यानें जस्ताच्या चकत्या कापल्या, त्यांच्या जोडीस तांब्याचीं सात नाणीं घेतलीं, मध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागद घातले, आणि त्या घरगुती विद्युत्घटानें मॅग्नेशियम सल्फेटचें पृथक्करण घडवून आणलें. त्याच वर्षीं हंफ्री डेव्हीचीं व्याख्यानें ऐकून, त्यांचीं टिपणें स्वतः बांधून त्यानें तीं डेव्हीकडेच धाडलीं; आणि १८१३ च्या मार्चमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्याला जागा मिळाली. पुस्तक, व्याख्यान, स्वतःच्या हातचा प्रयोग आणि त्या कामावरून फिरलेली जाणत्या माणसाची नजर, या चार गोष्टींनीं फॅरडे घडला. पहिल्या दोन गोष्टी त्या काळींही पैसे टाकून मिळत असत. दुर्मिळ होत्या त्या पुढल्या दोन.

शिक्षण टपालानें जाऊं लागलें, तेव्हां हीच अडचण पुन्हां उभी राहिली. बोस्टन येथें अ‍ॅना टिकनॉर या बाईंनीं १८७३ सालीं घरीं अभ्यास करूं इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठीं एक संस्था काढली. ती सुमारें चोवीस वर्षें चालली व सात हजारांवर स्त्रियांनीं तिचा लाभ घेतला. तिच्या विज्ञानशाखेंत एलेन रिचर्ड्स यांनीं काम केलें. मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी मिळविणारी ही पहिली स्त्री. प्रयोगशाळेंत वाढलेल्या या बाईंना नुसत्या पत्रव्यवहाराची मर्यादा कोणी सांगावयास नको होती. १८७६ सालीं त्याच इन्स्टिट्यूटमध्यें स्त्रियांकरितां स्वतंत्र प्रयोगशाळा उघडण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला, यांतच त्यांचा अभिप्राय दिसून येतो.

त्याच सुमारास आपल्याकडे आनंदीबाई जोशी यांचा विद्याभ्यास बराचसा घरीं, पतीच्या देखरेखीखालीं, चालला होता. भाषा घरीं आली. पण वैद्यकाचा प्रश्न आला तेव्हां घर पुरें पडेना. शरीररचना डोळ्यांनीं पाहून व हातांनीं चाचपून शिकावयाची असते. म्हणून १८८३ सालीं, अठराव्या वर्षीं, त्यांनीं समुद्र ओलांडला आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळविली.

याच दशकांत हार्वर्ड विद्यापीठानें एक महत्त्वाचें पाऊल टाकलें. प्रवेशार्थी विद्यार्थ्यानें पदार्थविज्ञान नुसतें वाचलेलें पुरेसें न मानतां, एडविन हॉल यांच्या परिश्रमानें सिद्ध झालेल्या सुमारें ४० प्रयोगांची यादी विद्यापीठानें प्रसिद्ध केली, आणि विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीला परीक्षेंत मान दिला. अमेरिकेंतील माध्यमिक शाळांत प्रयोगशाळा पसरल्या, त्यांस या यादीचा मोठाच हातभार लागला. आजही कॉलेज बोर्डाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अभ्यासक्रमांत जीवशास्त्र, रसायन व पदार्थविज्ञान यांच्या अध्यापनाचा किमान चतुर्थांश वेळ प्रत्यक्ष प्रयोगांस द्यावा, अशी अट आहे. गंमत अशी, कीं त्याच विषयांची परीक्षा मात्र लेखी असते, आणि अभ्यासक्रम न घेतांही तिला बसतां येतें. म्हणजे एकही परीक्षानळी न हाताळतां उत्तम गुण मिळविणें अशक्य नाहीं. घरीं शिकणाऱ्या मुलाला खरा धोका आहे तो येथें. नापास होण्याचा धोका दिसतो तरी. हा दिसत नाहीं.

गृहशिक्षणाची आधुनिक चळवळ या सर्वानंतरची. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मॅसेच्युसेट्समध्यें १८५२ सालीं झाला व १९१८ पर्यंत तो सर्व राज्यांत पसरला. जॉन होल्ट या शिक्षणचिंतकानें १९७७ सालीं शाळेवांचून शिकणाऱ्यांसाठीं नियतकालिक काढलें, त्या काळीं अनेक राज्यांत आईबापांस कायद्याशीं झगडावें लागे; १९९३ पर्यंत ही मुभा सर्व राज्यांत मिळाली. सरकारी अंदाजाप्रमाणें अशीं मुलें १९९९ सालीं सुमारें साडेआठ लाख होतीं. २०१२ सालीं तीं सुमारें पावणेअठरा लाख झालीं. मुभा मिळाली, पण शाळेबरोबर शाळेची प्रयोगशाळाही मागें राहिली.

ती उणीव ऑनलाइन वर्ग भरून काढतात काय? येथें न्याय्य दृष्टीनें पाहिलें पाहिजे. शाळेंतील प्रयोगशाळेचें फाजील कौतुक करण्याचें कारण नाहीं. तेथील बहुतेक विद्यार्थ्यांना मिळणारा प्रयोगांचा अनुभव निकृष्ट असतो, असा निष्कर्ष नॅशनल रिसर्च कौन्सिलनें २००५ सालीं काढला. उलटपक्षीं, नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनीं २००२ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत सुरू केलेले पडद्यावरील आभासी प्रयोग खरोखर उपयुक्त आहेत. त्यांवर विद्युत्मंडलें शिकलेले तेथील महाविद्यालयीन विद्यार्थी खऱ्या तारा घेऊन शिकलेल्यांपेक्षां कल्पना समजून घेण्यांत सरस ठरले, असें २००५ सालींच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. हें सत्य नाकारण्यांत अर्थ नाहीं. तथापि आभासी प्रयोगांत कर्त्यानें जे नियम घातले असतील तेवढेच असतात. तो पुस्तकाला कधीं खोटें पाडीत नाहीं. फॅरडेच्या मिठाच्या पाण्यांतल्या कागदाला तें सामर्थ्य होतें. तार सैल पडते, तराजू हलतो, उत्तर अपेक्षेहून निराळें येतें, आणि मग चूक माझी कीं पुस्तकाची, हा प्रश्न पडतो. विज्ञानबुद्धीचा जन्म त्या प्रश्नांत होतो.

म्हणून निवड करतांना शिक्षक किती छान बोलतो, चित्रफिती किती झकपक आहेत, हें शेवटीं पाहावें. प्रथम विचारावें, कीं या वर्गांत मुलाच्या हातीं काय पडणार? प्रयोगाचें साहित्य कोण पुरविणार, त्याचा खर्च वेगळा कीं काय, आणि आम्लासारखे जिन्नस हाताळतांना घरांत कोणी वडील माणूस हजर राहणार ना? दुसरें, मुलाची प्रयोगवही कोण वाचणार? यंत्रानें तपासलेलीं बहुपर्यायी उत्तरें म्हणजे वाचन नव्हे. हा आंकडा असा कां आला, असें विचारणारें माणूस पाहिजे. तिसरें, ठराविक वेळीं थेट चालणारा वर्ग बरा कीं सवडीनें पाहण्याची ध्वनिचित्रफीत बरी, हें मुलाच्या स्वभावावरून ठरवावें. पण शंका विचारण्याची वाट दोहोंतही उघडी असावी. चौथें, गणिताची तयारी. बीजगणितांत अडखळणाऱ्या मुलाला पदार्थविज्ञानाच्या वर्गांत लोटणें म्हणजे पोहतां येण्याआधीं डोहांत ढकलणें होय.

हीं सर्व उत्तरें समाधानकारक मिळतील असा वर्ग महाग असेल, किंवा मिळणारही नाहीं. तसें झाल्यास व्याख्यान एका ठिकाणचें, प्रयोग स्वयंपाकघरांतले, आणि वही तपासावयास शेजारचा एखादा निवृत्त अभियंता, अशी जुळणी करावी. फॅरडेनेंही तीच केली होती. त्याचें पुस्तक एकीकडचें, व्याख्यान दुसरीकडचें, पैसा भावाचा. प्रयोग तेवढा स्वतःचा होता. तो मात्र दुसऱ्या कोणाकडून करवून घेण्याजोगा नसतो.