पाच सेंटांचे बेट

2024 च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला मुलीकडे होते. नातवंडांच्या शाळांना सुट्टी लागली होती आणि नऊ वर्षांच्या नातीने "बेटावर जायचं" असा हट्ट धरला होता. तिच्या मनात हवाई होते. मुलीने विमानाच्या तिकिटांचे भाव पाहिले आणि लॅपटॉप मिटला. मी सुचवले, "कोनी आयलंडला जाऊ या." मुलगी हसली. "आई, ते आता बेटसुद्धा राहिलेलं नाही. आणि तिथे गर्दीशिवाय आहे काय?"

तिच्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाचा हा वाळूचा पट्टा पूर्वी खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेला होता. विसाव्या शतकात खाडीचा बराच भाग बुजवला गेला आणि बेटाचे नावच तेवढे उरले. राहिली गर्दी. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे असेल, मला त्या गर्दीबद्दलच कुतूहल होते. फारसे पैसे नसलेली लाखो कुटुंबे एका किनाऱ्यावर सहलीला येऊ शकली, ती कशी? मुक्काम लांबला होता आणि हाताशी ग्रंथालय होते. मी शोध घेऊ लागले.

वाळूवरचे कुंपण

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. मे महिन्यात संध्याकाळी वडील आम्हाला चौपाटीवर नेत. भेळेचा एक पुडा दोघा भावंडांत असे. ती वाळू कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. कोनी आयलंडच्या इतिहासाची सुरुवात मात्र याच प्रश्नाने होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे रेल्वे पोहोचली आणि बेटाच्या पूर्व टोकाला श्रीमंतांची हॉटेले उभी राहिली. ऑस्टिन कॉर्बिन या रेल्वेमालकाने 1877 मध्ये मॅनहॅटन बीच हॉटेल सुरू केले. दोनच वर्षांनी त्याने जाहीर केले की, आपल्या हॉटेलात ज्यू लोक नकोत. शेजारच्या ब्रायटन बीच हॉटेलवर समुद्र चालून आला, तेव्हा 1888 मध्ये ती अवाढव्य लाकडी इमारत रेल्वेच्या वाघिण्यांवर चढवून सहा इंजिनांनी मागे ओढली गेली. आपले हॉटेल समुद्रापासून वाचवण्याइतका पैसा त्या किनाऱ्यावर होता.

पश्चिमेकडचा भाग सामान्यांचा. तिथे 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसनने उतारावरून घसरत जाणारी गाडी सुरू केली. एका फेरीला पाच सेंट. 1897 मध्ये जॉर्ज टिल्यू याने स्टीपलचेस पार्क उघडले. 1907 मध्ये ते जळून खाक झाले, तेव्हा या गृहस्थाने जळके अवशेष पाहण्यासाठी दहा सेंटांचे तिकीट लावले! त्याआधीच लूना पार्क आले होते, ड्रीमलँड आले होते. विजेच्या दिव्यांचा तो झगमगाट पाहायला माणसे लोटत.

पण समुद्र? किनाऱ्याचा बराचसा भाग खासगी होता. स्नानगृहांच्या मालकांनी आपापल्या हद्दीची कुंपणे पाण्यापर्यंत नेलेली होती. समुद्रात पाय बुडवायचे तर आधी कपडे बदलण्याची खोली भाड्याने घ्यावी लागे. आठवड्याचे सहा दिवस शिवणकामाच्या कारखान्यात राबणारा बाप चार मुलांना घेऊन आला, तर त्याचा खिसा समुद्र दिसण्याआधीच रिकामा व्हायचा.

नगरपालिकेने अखेर किनारा ताब्यात घेतला. कुंपणे निघाली, समुद्रतळाची वाळू उपसून पुळण रुंद केली गेली आणि 15 मे 1923 रोजी लाकडी फळ्यांचा 80 फूट रुंद बोर्डवॉक लोकांसाठी खुला झाला. ब्रुकलिनचे तेव्हाचे प्रमुख एडवर्ड रिगेलमन यांचे नाव त्याला दिलेले आहे. त्या दिवसापासून वाळू, पाणी आणि फिरणे या तीन गोष्टींना पैसे पडेनासे झाले.

पाच सेंटांचा करार

किनारा मोफत झाला तरी तिथवर पोहोचायला हवे. इथे दुसरा निर्णय कामी आला. 1913 मध्ये न्यूयॉर्क शहराने दोन खासगी कंपन्यांशी भुयारी आणि उन्नत रेल्वेचे करार केले. त्यांत 49 वर्षांसाठी पाच सेंट भाडे ठरले होते. कोनी आयलंडला जायला मात्र सुरुवातीला दहा सेंट पडत. नवे मार्ग स्टिलवेल ॲव्हेन्यूच्या स्थानकाशी जोडले गेले आणि 1 मे 1920 पासून तेही भाडे पाचावर आले.

पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली. कंपन्या भाडेवाढ मागत होत्या. महापौर जॉन हायलन यांनी ती अडवून धरली आणि त्याच मुद्द्यावर निवडणूकही जिंकली. या हट्टापायी रेल्वे कंपन्या तोट्यात गेल्या, हेही सांगायला हवे. 1940 मध्ये शहराला त्या विकत घ्याव्या लागल्या. 1 जुलै 1948 रोजी भाडे दहा सेंट होईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, माणशी जाऊन-येऊन दहा सेंटांत समुद्र गाठता येत होता.

बाजारपेठही त्याच नाण्याला जुळवून घेत होती. चार्ल्स फेल्टमनच्या मोठ्या उपाहारगृहात हॉट डॉग दहा सेंटांना मिळे. तिथेच काम केलेल्या नेथन हँडवर्कर या पोलिश ज्यू तरुणाने 1916 मध्ये स्वतःची टपरी टाकली आणि किंमत ठेवली पाच सेंट. कॉर्बिनने ज्यांना बेटाच्या एका टोकाला मज्जाव केला होता, त्यांच्यातलाच एकजण दुसऱ्या टोकाला गर्दीला जेवू घालत होता.

ओल्या कपड्यांनी घरी

त्या काळच्या कुटुंबांच्या काटकसरीची युगत मला फार ओळखीची वाटली. खोलीचे भाडे वाचवण्यासाठी पोहण्याचे कपडे घरूनच आतून घालून यायचे आणि संध्याकाळी ओलेत्यानेच गाडीत बसायचे. जेवण घरून बांधून आणायचे. मुलांना एखादीच फेरी. बाकीचा दिवस वाळूचे किल्ले आणि लाटा. उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी इथली गर्दी दहा लाखांच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. 1940 मध्ये वीजी या छायाचित्रकाराने काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात वाळूचा कण दिसत नाही, सगळी माणसेच.

मात्र हे चित्र सर्वांसाठी सारखे नव्हते. काळ्या कुटुंबांना आगगाडी आणि वाळू खुली होती, पण अनेक खासगी स्नानगृहांत आणि तलावांत त्यांना प्रवेश नव्हता. जिथे मालकी सार्वजनिक होती तिथे दार उघडे. जिथे खासगी, तिथे दारावर माणूस उभा.

आणि सार्वजनिक मालकी असली की सगळे आपोआप होते, असेही नाही. 1929 मध्ये थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या एका बेटावर जोन्स बीच हा सुंदर सरकारी किनारा खुला झाला. तो रॉबर्ट मोझेस यांनी उभारला होता. पण तिथे थेट रेल्वे नव्हती, जायचे ते मुख्यतः मोटारीने. 1938 मध्ये याच मोझेसांच्या उद्यान खात्याकडे कोनी आयलंडचा किनाराही आला. त्यांना इथला गोंगाट, फेरीवाले, खेळांचे तंबू मनापासून नापसंत होते.

युद्धानंतर मोटारी वाढल्या, तशी गर्दी ओसरली. 1964 मध्ये स्टीपलचेस पार्क बंद पडले. ती जागा फ्रेड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाने घेतली. 1966 मध्ये त्याने पाडकामाचा समारंभ ठेवून पाहुण्यांना काचेच्या दर्शनी भागावर विटा फेकायला बोलावले. तिथे त्याला इमारती उभारायच्या होत्या, पण शहराने परवानगी दिली नाही. पुढे ती जागा शहराकडे आली. आज तिथे बेसबॉलचे मैदान आहे.

नातीचा हिशेब

आम्ही एका शुक्रवारी गेलो. पेन स्टेशनपासून जवळच भुयारी रेल्वे पकडली; तासाभरात समुद्र. दडपे पोहे आणि थर्मासमधला चहा घरूनच नेला होता. 1920 सालचे वंडर व्हील अजून फिरते. त्यात एकदा बसलो. बाकी दिवस मुले पाण्यातून बाहेर आली नाहीत. शेजारी एक उझबेक कुटुंब होते, पलीकडे मेक्सिकन. रात्री फटाक्यांची आतषबाजी झाली. ती उन्हाळ्यात दर शुक्रवारी होते, तिकीट नसते.

परतताना नातीने वहीत खर्च मांडला. तिघींचे भुयारी रेल्वेचे भाडे, प्रत्येकी 2 डॉलर 90 सेंट, येऊन-जाऊन 17 डॉलर 40 सेंट. धाकटा लहान म्हणून फुकट. पुढे चक्राची तिकिटे. मग तिने पेन थांबवले.

मी म्हटले, "समुद्र, शून्य. वाळू, शून्य. बोर्डवॉक, शून्य. तेही लिही."

"पण आजी, ते कुठे कोण विकत होतं?"

"विकत होते," मी म्हटले. "म्हणूनच लिही."