वुडस्टोव्ह आणि फायरप्लेस इन्सर्ट

लाकूड जाळून घर उबदार ठेवणाऱ्या बंद शेगड्या. उत्तर अमेरिका, स्कँडिनेव्हिया आणि मध्य युरोपातील थंड प्रदेशांत त्या घरोघरी आढळतात. खोलीत पायांवर स्वतंत्र उभी असते ती वुडस्टोव्ह. भिंतीतील जुन्या उघड्या फायरप्लेसच्या पोकळीत बसवतात ती इन्सर्ट. दोन्हींचे तत्त्व एकच आहे : आगीला मोजकी हवा द्यायची आणि धुरात जळण्याजोगे जे उरते तेही घराच्या कामी लावायचे.

उघड्या आगीची उणीव : उघडी फायरप्लेस ज्वलनाला लागते त्यापेक्षा कितीतरी अधिक हवा ओढते. खोलीतील तापलेली हवा धुराड्यातून निघून जाते आणि तिच्या जागी दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. आगीसमोर बसलेल्याला ऊब लागते, पण घर थंडच राहते. लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा घरात राहतो. चांगल्या बंद शेगडीत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे जाते.

इतिहास : अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७४२ च्या सुमारास ओतीव लोखंडाची शेगडी तयार केली आणि १७४४ मध्ये तिची माहितीपुस्तिका काढली. फायरप्लेसमध्ये बसवायची ही पेटी आजच्या इन्सर्टची पूर्वज म्हणता येईल. शोधांचा लाभ सर्वांना व्हावा या भूमिकेतून त्याने तिचे पेटंट नाकारले. तिच्यात धूर खालच्या दिशेने वळवलेला असल्याने ओढ नीट बसत नसे. हा दोष पुढच्या रचनांमध्ये दूर झाला. स्वीडनमध्ये १७६७ मध्ये कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनी विटा व चिनी मातीच्या फरशांच्या उंच शेगडीत धुराला वरखाली फिरवणारे मार्ग ठेवले, त्यामुळे जाता जाता धूर आपली उष्णता विटांना देई. काउंट रमफर्डने १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात फायरप्लेस उथळ करावी, तिच्या बाजू तिरक्या ठेवाव्यात आणि धुराड्याचा घसा अरुंद करावा असे सुचवले.

पुढे कोळसा, तेल आणि वायू आल्यावर लाकूड मागे पडले. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्याला पुन्हा मागणी आली. त्या काळच्या अनेक हवाबंद शेगड्यांत रात्रभर आग टिकावी म्हणून हवा जवळजवळ बंद केली जाई. लाकूड धुमसत राही, धुराड्यात काजळी साचे आणि वस्तीवर धूर पसरे. यातूनच पुढचे नियम आले.

ज्वलन : लाकूड तापले की आधी त्यातील पाणी उडते, मग वायू आणि डांबरी वाफा सुटतात, शेवटी कोळसा उरून त्याचे निखारे होतात. लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंत असते. ते पेटण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि ताजी हवा लागते. म्हणून आधुनिक शेगडीत आगीच्या वरच्या भागात तापवलेली जादा हवा सोडतात. आतील अग्निरोधक विटा आणि वरचा आडवा पडदा तापमान टिकवतात. काही शेगड्यांत उत्प्रेरक लेप दिलेली जाळी असते. तिच्यामुळे हेच वायू २६० अंशांच्या आसपासही जळू लागतात. ज्वाळा पिवळ्याजर्द, खेळत्या असणे आणि धुराड्यातून दिसेल असा धूर न निघणे ही ज्वलन चांगले होत असल्याची खूण.

रचना व बसवणी : शेगडी बिडाची किंवा पोलादी पत्र्याची असते. दारात उष्णता सोसणारी सिरॅमिक काच आणि कडेला अग्निरोधक दोरीची पट्टी असते. वुडस्टोव्ह चहूबाजूंनी प्रारणाने ऊब देते. इन्सर्टच्या तीन बाजू भिंतीत जात असल्याने तिच्याभोवती दुहेरी कवच ठेवून हवा खेळवावी लागते. अनेकदा त्यासाठी पंखाही असतो. जुने धुराडे इन्सर्टसाठी फार रुंद असते. त्यात धूर गार होऊन मंदावतो. म्हणून शेगडीपासून थेट टोकापर्यंत योग्य व्यासाची गंजरोधक पोलादी नळी घालतात. अमेरिकेतील नियमानुसार धुराडे छताबाहेर पडते तेथून किमान ३ फूट आणि १० फुटांच्या आतील कोणत्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच हवे. घराच्या मानाने मोठी शेगडी घेऊ नये. ती खोली असह्य तापवते, मग हवा कमी करून तिला धुमसत ठेवले जाते आणि सारा लाभ जातो.

सरपण : ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते. जाळताना हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली हवे. त्यासाठी ओंडके आधी फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजू मोकळ्या ठेवून रचतात. मऊ लाकडाला एक उन्हाळा पुरतो, ओकसारख्या टणक लाकडाला दोन वर्षेही लागतात. चांगल्या वाळलेल्या एका किलोग्रॅम लाकडात सुमारे ४ किलोवॉट-तास ऊर्जा असते. अमेरिकेत सरपण ‘कॉर्ड’मध्ये मोजतात, एक कॉर्ड म्हणजे ४ × ४ × ८ फुटांची रास, १२८ घनफूट. रंगवलेले लाकूड, प्लायवुड किंवा कचरा शेगडीत कधीही घालू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

सुरक्षा : न जळलेल्या वाफा थंड धुराड्याला डांबरासारख्या चिकटतात. हा थर पेटला तर धुराड्यातच १,००० अंशांपर्यंत तापणारी आग लागू शकते. म्हणून दरवर्षी धुराडे तपासून साफ करणे अनिवार्य मानावे. राखेतील निखारे काही दिवसही जिवंत राहतात. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याची सूचना देणारे यंत्र शेगडीच्या घरात असलेच पाहिजे.

प्रदूषण व नियम : लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसे आणि हृदय दोन्हींना अपायकारक आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये नव्या शेगड्यांवर उत्सर्जन मर्यादा घातली आणि २०२० पासून ती ताशी २ ग्रॅमवर आणली. प्रत्यक्ष सरपण वापरून चाचणी केल्यास २.५ ग्रॅम. युरोपीय संघाचे नियम २०२२ पासून लागू आहेत. माँट्रियल शहरात १ ऑक्टोबर २०१८ पासून ताशी २.५ ग्रॅमपेक्षा अधिक कण सोडणाऱ्या शेगड्या वापरता येत नाहीत. दाट वस्तीत सर्वोत्तम शेगडीचा धूरही शेजाऱ्याच्या श्वासात जातो; विरळ वस्तीत, वाळलेले सरपण जवळ उपलब्ध असेल तेथेच हे साधन योग्य ठरते.

भारत : काश्मीर, लडाख आणि हिमाचलात पत्र्याची बुखारी हेच काम करते, तिची नळी छतातून किंवा भिंतीतून बाहेर काढलेली असते. हिवाळ्यात फटी बुजवलेल्या खोलीत सदोष नळीची बुखारी किंवा उघडी कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे जिवावर बेतते. महाराष्ट्रात घर उबवण्याची गरज क्वचित पडते, परंतु स्वयंपाकासाठीच्या निर्धूर चुलीतही आगीभोवती बंद कोठा, नेमकी हवा आणि धुराडे हीच तत्त्वे वापरली आहेत. चूल असो की बुखारी, धूर दिसला म्हणजे सरपण वाया जात आहे आणि घरातल्या माणसांना अपाय होत आहे, हे ओळखून हवा, लाकूड किंवा धुराडे यांतील दोष लगेच शोधावा.