पाट, ऊस आणि मूल : प्रवरेच्या उजव्या कालव्यावरील काही ऐतिहासिक निरीक्षणे

बालकांच्या संरक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा कायद्यांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. मुंबई इलाख्यातील मुलांचा कायदा इ. स. १९२४ चा. परंतु त्याची दृष्टी निराधार व अपराधी मुलांवर होती. आईबापांच्या घरी सुखाने वाढणारे, पण अंगणापलीकडील विहिरीत पडणारे मूल त्याच्या कक्षेत येतच नव्हते. अशा मुलाचा इतिहास शोधावयाचा तर कलमांपेक्षा कठडे, भराव आणि पिके यांकडे पाहिले पाहिजे. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा व तिचा परिसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

प्रवरेवरील ओझर व लाख येथील कालव्यांचा उल्लेख इ. स. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये आढळतो. तथापि या भागाचे रूप पालटले ते इ. स. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाल्यावर. पाणी आले, ऊस आला, आणि इ. स. १९५० च्या सुमारास लोणीचा सहकारी कारखाना उभा राहिला. ही कथा अनेकांनी लिहिली आहे. तीत एकरांचे आणि टनांचे आकडे मुबलक आहेत. कालव्याकाठच्या मुलांविषयी मात्र ती मौन बाळगते.

नदीचा स्वभाव मुलाला आजी-आजोबांकडून कळतो. डोह कोठे आहे, पूर केव्हा येतो, हे पिढ्यानपिढ्यांचे ज्ञान असते. पाटाचे तसे नाही. त्याचे पाणी ऋतूप्रमाणे नव्हे, आवर्तनाप्रमाणे येते. महिनाभर कोरडा पडलेला पाट हे मुलांचे क्रीडांगण बनते. पुढे आवर्तन सुटले की तोच काठोकाठ वाहू लागतो. अस्तर केलेल्या उतरत्या बाजूंवर शेवाळ धरले की पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर चढणे कठीण जाते. आवर्तनाच्या तारखा बागाईतदारास कळविण्याची व्यवस्था झाली, कारण त्याच्याकडून पाणीपट्टी येणार होती. त्याच तारखा शाळेच्या फळ्यावर लिहिल्या जाव्यात असा नियम कोणी केला नाही.

विहिरींची कथा निराळी, आणि मला ती अधिक उद्बोधक वाटते. पायविहिरीत उतरून पाणी भरण्याची रीत नारूच्या रोगास कारण होती. इ. स. १९८३-८४ पासूनच्या राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेत ज्या राज्यांत अशा विहिरी बंद करून कठड्याच्या व रहाटाच्या विहिरी करण्याचे काम झाले, त्यांत महाराष्ट्रही होता. इ. स. २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तो कठडा जंतूंसाठी उभारला होता. परंतु रांगत्या मुलालाही त्याने अडविले असणार. शेतातल्या खासगी विहिरींना मात्र रोगाचे निमित्त नव्हते, म्हणून कित्येक ठिकाणी कठडाही नाही. उघड्या कूपनलिकांविषयी सर्वोच्च न्यायालयास इ. स. २०१० मध्ये निर्देश द्यावे लागले, तेही अनेक मुले त्यांत पडल्यानंतर.

उसाने दुसरे एक संकट आणले. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. बिबट्यास याहून चांगली लपण कोणती? याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले की बिबटे शेतशिवारातच वस्ती करून राहतात. शेजारच्या जुन्नर भागातील त्यांच्या आधीच्या संशोधनाचा निष्कर्ष अधिक गंभीर होता : पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडल्याने माणसांवरील हल्ले घटले नाहीत, उलट वाढले. पिंजऱ्याची मागणी स्वाभाविक असली तरी संध्याकाळी बाहेर बसणाऱ्या लहान मुलाचे रक्षण घराजवळचा संडास व दिवा अधिक करतो.

इ. स. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने मोबाईल मुलांच्या हाती आला. येथे धोका घरातच शिरला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६७ ब हे कलम इ. स. २००९ पासून अमलात होते, पोक्सो कायदा इ. स. २०१२ चा. इ. स. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यास पालकाची संमती आवश्यक ठरविली. परंतु बापाचा मोबाईल मुलानेच चालू करून द्यावयाचा, अशा घरात त्या संमतीचे मोल काय?

या विषयाच्या संशोधकाने प्रथम पोलिस ठाण्यांतील अकस्मात मृत्यूच्या नोंदींकडे वळावे. पाटात बुडालेले मूल कोणत्याही बालविषयक अहवालात सापडले नाही, तरी तेथे त्याचे वय, ठिकाण व दिनांक लिहिलेला असतो. तो दिनांक पाटबंधारे खात्याच्या आवर्तनपत्रकाशी ताडून पाहता येईल.