नव्या कॉलनीतलं घर आणि करारातलं पंचविसावं कलम



थंडी ओसरली की इथे अमेरिकेत आपल्या लोकांत घराच्या गप्पा सुरू होतात. नवीन बांधकाम घ्यायचं की जुनं घर, शाळेचं रेटिंग किती, एचओएचे महिन्याला किती जातात. शनिवार-रविवार मॉडेल होम बघण्यात जातात, आणि कोणती खोली कोणाची यावरून मुलांची भांडणं बुकिंगच्या आधीच सुरू होतात. एकाच बिल्डरने मोकळ्या जमिनीवर शेकडो घरं बांधायची आणि आपण चार-पाच नमुन्यांतून एक निवडायचं, ही पद्धत या देशात कशी रुजली आणि सुरुवातीला त्या घरांत कोणाला घेतलं जायचं, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

दुसरं महायुद्ध संपलं आणि लाखो सैनिक घरी परतले. लग्नं झाली, मुलं झाली, पण राहायला घरं नव्हती. कित्येक जोडपी आईवडिलांकडे एका खोलीत दिवस काढत होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती. १९४७ साली ‘लेव्हिट अँड सन्स’ या कंपनीने तिथे घरं बांधायला घेतली. वडील अब्राहम, मुलगे विल्यम आणि आल्फ्रेड. मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो. इथे उलट केलं. घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या या घरातून त्या घरात. एक टोळी फक्त काँक्रीटचा पाया घालणार, दुसरी फक्त रंग देणार. काम जोरात असताना दिवसाला तीसहून जास्त घरं तयार होत. १९५१ पर्यंत १७ हजारांहून अधिक घरं उभी राहिली. गावाचं नाव पडलं लेव्हिटटाउन.

घर लहानच, साधारण साडेसातशे चौरस फुटांचं, तळघर नाही. सुरुवातीला भाड्याने, महिना ६० डॉलर. १९४९ मध्ये विक्रीला आलेल्या नमुन्याची किंमत होती ७,९९० डॉलर. माजी सैनिकांसाठी १९४४ सालीच कायदा झाला होता. त्यामुळे कर्जाला सरकारी हमी मिळायची आणि डाऊन पेमेंटही लागायचं नाही. भाड्यापेक्षा हप्ता कमी! लोकांनी रांगा लावल्या. नियमही होते: गवत वेळच्या वेळी कापायचं, कुंपण घालायचं नाही, दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. आजच्या एचओएची पत्रं ज्यांना येतात त्यांना हे ओळखीचं वाटेल.

पण भाडेकरारात एक पंचविसावं कलमही होतं. त्याचा अर्थ असा, की गोऱ्या वंशाच्या माणसांखेरीज कोणालाही या घरात राहू द्यायचं नाही. घरकामाला मात्र इतर वंशाचे नोकर ठेवले तर चालतील.

हे एका बिल्डरच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हतं. कर्जाचा विमा उतरवणारी सरकारी संस्था एफएचए १९३४ साली स्थापन झाली होती. वेगवेगळ्या वंशाचे लोक शेजारी आले तर घरांच्या किमती पडतात, असं तिच्या नियमपुस्तिकेत धरलेलं होतं आणि अशा अटी घालण्याची शिफारसही होती. म्हणजे करदात्यांच्या पैशाची हमी सगळ्यांची, घर मात्र काहींनाच. कृष्णवर्णीय सैनिक त्याच युद्धात लढला होता. कायदा त्याच्यासाठीही होता, पण ज्या कॉलनीत स्वस्त कर्ज मिळायचं तिथे त्याला प्रवेश नव्हता.

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात निकाल दिला, की अशा वांशिक अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत. लेव्हिटच्या करारातून ते कलम गेलं, पण विक्री पूर्वीसारखीच चालू राहिली. लेव्हिट कुटुंब स्वतः ज्यू होतं. भेदभाव म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. विल्यम लेव्हिटचं म्हणणं असायचं, की मी कृष्णवर्णीयांना घरं विकली तर गोरे येणार नाहीत. मी घरांचा प्रश्न सोडवू शकतो, वंशाचा नाही.

दुसरं लेव्हिटटाउन पेनसिल्व्हेनियात झालं. तिथे ऑगस्ट १९५७ मध्ये बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं तीन मुलांसह राहायला आलं. बिल माजी सैनिक, डेझी शिक्षिका. बिल्डर विकत नव्हता, म्हणून त्यांनी आधीच्या मालकाकडून घर घेतलं. रात्री घराबाहेर शेकडोंचा जमाव जमला. दगड आले, काचा फुटल्या. शेजारचं रिकामं घर ताब्यात घेऊन तिथून मोठ्याने गाणी लावली जायची. क्रॉस जाळले गेले. राज्याचे पोलीस बोलवावे लागले, शेवटी सरकार कोर्टात गेलं आणि त्रास देणाऱ्यांवर मनाईहुकूम आला. या सगळ्यात वेक्स्लर नावाचं शेजारचं ज्यू कुटुंब मायर्स यांच्या पाठीशी उभं राहिलं, आणि त्यांनाही त्रास झाला. मायर्स कुटुंब घाबरून निघून गेलं नाही, पुढे काही वर्षं तिथेच राहिलं.

आता कोणी म्हणेल, हा गोऱ्या-काळ्यांचा इतिहास, आपला काय संबंध? संबंध आहे. १९१५ साली पेशावरहून वैष्णो दास बगाई, पत्नी कला आणि तीन मुलगे कॅलिफोर्नियात आले. त्यांनी बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून ठेवलेलं. १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते! त्या निकालानंतर बगाईंचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. भारतीयांना नागरिकत्वाचं दार १९४६ साली उघडलं. आज बर्कलीत एका रस्त्याच्या भागाला ‘कला बगाई वे’ असं नाव आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचा इथला प्रवास १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतरचा. घर विकताना वंश-धर्म बघायला बंदी करणारा कायदा १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्यावर सही झाली. आज आपल्याला बिल्डर हसून चावी देतो, त्यामागे या लोकांनी खाल्लेले दगड आहेत. आणि ज्यांना १९४९ साली ७,९९० डॉलरचं घर मिळालं, त्यांच्या नातवंडांच्या कॉलेजच्या फीत त्या घराचा वाटा आहे. ज्यांना नाकारलं, त्यांच्या नातवंडांकडे तो नाही. शाळांचा पैसा बराचसा प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, त्यामुळे आपण बघतो त्या शाळांच्या रेटिंगमध्येही हा इतिहास मुरलेला आहे. ‘तो एरिया चांगला नाही’ असं मुलांसमोर म्हणण्याआधी हे आठवावं.

आणि मुलं विचारतीलच, ‘आपल्याकडे असं नव्हतं का?’ खरं उत्तर द्यावं. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे तेव्हाच्या नव्या वस्तीत, ‘राजगृह’ बांधलं. हाउसिंग सोसायटीने सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणं २००५ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरलं. प्रकरण अहमदाबादच्या पारशी सोसायटीचं होतं. पुण्यात आईवडिलांसाठी फ्लॅट बघताना ‘सगळे आपल्यातलेच आहेत’ असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर त्याचा अर्थ काय होतो हे आपल्याला आता कळायला हवं.

तेव्हा घर घेताना फरशी आणि काउंटरटॉप बघाच, पण एचओएचे कागदही पूर्ण वाचा. जुनं घर असेल तर खरेदीखतांची साखळी मागून बघा. जुन्या खतांत ती वांशिक अट अजून छापलेली सापडते. तिला कायद्याने काही किंमत नाही, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ती काढून टाकायची सोयही आहे. पण काढण्याआधी मुलांना जवळ बसवून ते पान एकदा वाचून दाखवा. आणि शेजारी नवीन कुटुंब आलं, मग ते कोणीही असो, तर वेक्स्लरांसारखं आधी त्यांच्या दारावर जाऊन या. जाताना हातात डब्यात काहीतरी असू द्या.